उसातली चाल

आमचं घर दौंडला रेल्वेच्या यार्डाला लागून होतं, त्यामुळं शांतता म्हणजे काय असतं ते मला लग्न होऊन हडपसरला आल्यावर कळलं, आणि ती मला फारशी आवडली नाही. यार्डात डबे एकमेकांना धडकायचे, तो दणका या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचा आणि आमच्या फळीवरची भांडी त्याला जागच्या जागी उत्तर द्यायची. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंटमन होते. पण नोकरी रेल्वेची आणि जीव बेंजो पार्टीत, असा त्यांचा संसार होता. ड्यूटीवरून आले की कपडे बदलायच्याही आधी ते बेंजो मांडीवर घेऊन तारा पिळत बसायचे. आई आतून विचारायची, "जेवायचं हाय का वाजवायचं?" आबा म्हणायचे, "दोन्ही." आणि खरोखरच दोन्ही एकदम चालायचं, एक घास, एक तान.

घर दोन खोल्यांचं. आतली आईची आणि बाहेरची पार्टीची, अशी वाटणी कुणी न सांगता होऊन गेली होती. बाहेरच्या खोलीत ढोल, ताशे, वायरींची वेटोळी, कर्णे आणि खिळ्यांना लटकवलेले लाल कोट. त्या कोटांना घामाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास यायचा, तो मला आजही कुठल्याही लग्नाच्या मांडवात येतो, नसला तरी येतो. आत आई बाजरीच्या भाकरी थापायची. तिच्या हाताच्या आवाजावर बाहेर बसलेला ताशावाला मुद्दाम ठेका धरायचा, मग आई ओरडायची, "माझी भाकरी हाय, तुमची वरात न्हाई." थोरली शैलाताई आणि मी या दोन खोल्यांच्या मधल्या दारात वाढलो. ताईला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. मला मात्र कळायचं, आणि ते कळतं याचीच मला लहानपणापासून चोरटी लाज वाटायची. आमच्या पार्टीत बाई नव्हती, कुणाच्याच पार्टीत नव्हती. मुलीनं वाजवणाऱ्यांना चहा द्यायचा आणि कप विसळायचे.

माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. ज्यानं बोलावलं त्याच्या दारात जायचं, उभ्यानं वाजवायचं, आणि जे हातावर पडेल ते घेऊन परतायचं. आबांनी ती हलगी खुंटीवरून काढून ठेवली आणि पार्टी उभी केली. लाल कोट शिवले, हातगाडीला आरसे आणि चमकी लावली, मागं जनरेटर जोडला. आता लोक घरी यायचे, खुर्चीवर बसून चहा प्यायचे आणि मग सुपारी ठरवायचे. "आपुन बोलावल्यावर जात न्हाई, ठरवल्यावर जातो," हे आबांचं वाक्य. आमच्या घरात बुद्धवंदनेच्या खालोखाल तेच जास्त वेळा ऐकू यायचं. म्हणून पार्टीची अब्रू ही आमच्याकडं चैनीची गोष्ट नव्हती. घराला दार असतं तशी ती होती.

पुढं पार्टीत कीबोर्ड आला. आमच्याकडं त्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणायचे. वाजवायचे दिलीपकाका, आबांचे धाकटे चुलतभाऊ, पण त्यांच्या घरी पोरं हात लावतील म्हणून मशीन मुक्कामाला आमच्याकडं असे. त्याला प्लायवूडची पेटी केली होती आणि समोरच्या फळीवर आरशांचे तुकडे चिकटवले होते, त्यामुळं वाजवणाऱ्याचे हात पुढच्या माणसाला दिसत नसत, त्याला स्वतःचंच तोंड तुकड्यातुकड्यांनी दिसे. मशीनला एक बटण होतं. ते दाबलं की कुणी हात न लावता एक इंग्रजी सूर आपोआप वाजायचा. सुपारी द्यायला आलेल्या माणसाला आबा ते बटण दाबून दाखवायचे. माणूस थक्क व्हायचा, आबा हसायचे, आणि सुपारी पक्की व्हायची.

आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये एक गार्डसाहेब राहायचे. त्यांच्या मुलाकडं टीव्हीला लावायचा गेम होता. गल्लीतली पोरं तिथं ठिय्या देऊन असायची, आम्हा मुलींना भिंतीला टेकून बघायला मुभा होती. पडद्यावर ठोकळ्यांचा बनवलेला एक माणूस पुलांवरून, खड्ड्यांवरून उड्या मारत जायचा. माझ्या हातात एकदाच तो कंट्रोल आला आणि मी त्या बापड्याला पहिल्याच खड्ड्यात घातलं. पोरं खदखदली. पण मी मुळात बघायला जातच नव्हते, ऐकायला जात होते. त्या गेममध्ये सबंध वेळ एक गाणं वाजत असायचं, पत्र्याच्या पिपाणीसारखं पातळ, आणि इतकं गोड की मला ते सोडवेना. पाण्याखाली गेलं की वेगळं, अंधारात शिरलं की वेगळं. ते कुणी माणसानं बसून रचलं असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला वाटायचं, ते गेमच्या डबीतून आपोआप येतं, पंख्यातून वारा येतो तसं. परवा ताईचा मुलगा तेजस सांगत होता की गेमचं संगीत करणारी माणसं असतात, त्यांना पगार असतो, शेवटी त्यांची नावं येतात. "मावशी, तू त्या जमान्यात जपानमध्ये जन्मायला पाहिजे होतीस," तो म्हणाला. मी हसले आणि दूध उतू जातंय का बघायला आत गेले.

गार्डसाहेबांची सोलापूरला बदली झाली. टेम्पोत त्यांचं सामान चढलं, त्यात टीव्हीही चढला. माझ्या कानात ती गाणी अर्धीअर्धी राहिली. दुपारी आबा ड्यूटीवर आणि आई दळणाला गेली की मी मशीनवरचा कपडा काढायची आणि एका बोटानं ती शोधायची. सापडेनात. जिथं आठवायचं नाही तिथं मी माझंच काहीतरी घालायची. असं घालता घालता एक दिवस लक्षात आलं की त्यात जुनं काही उरलेलंच नाही. मग प्रश्न आला की ही चाल आता कुठल्या गेमची? म्हणून मी गेमही रचला. त्यात एक मुलगी होती. तिची शेळी हरवलेली असते आणि ती शेळीच्या मागं भीमेच्या काठाकाठानं, प्रवाहाच्या उलट निघते. आधी मालगाड्यांचं यार्ड, मग नदीचा पूल, मग गुऱ्हाळ, मग ऊस, मग चिंचेचं बन. प्रत्येक ठिकाणची चाल निराळी. गुऱ्हाळाची चाल जड आणि चिकट, तीत सूर एकमेकांना सोडायला तयार नसत. पुलाची चाल खालून वर आणि वरून खाली, पाय घसरेल अशी.

गेम खेळायला मात्र दुसरं माणूस लागतं. ते काम ताईनं केलं. ती मेथी निवडत किंवा शेंगा फोडत माझ्या मागं बसायची, मी वाजवायची आणि ती सांगायची, "आता ती वाकली. आता डब्याखालनं गेली. अगं थांब, इंजिन आलं." गाण्यातलं न कळणाऱ्या माझ्या बहिणीला माझ्या चाली ऐकून नेमकं तेच दिसायचं जे मी मनात धरलेलं असायचं. कधी ती मुद्दाम मुलीला खड्ड्यात पाडायची, मग मला घाईनं मरणाची छोटी चाल वाजवावी लागायची, आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. शेळी आम्हाला कधीच सापडली नाही. ती सापडल्यावर काय वाजवायचं हे मला सुचत नव्हतं, म्हणून आम्ही चिंचेच्या बनातून परत फिरायचो.

त्या सगळ्यांत उसाची चाल सर्वांत चांगली झाली होती. हे मी आज बिनदिक्कत लिहिते. आईच्या माहेरी, केडगावच्या बाजूला, मी एकदा उसात चुकले होते. आत शिरलं की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही, पात्यांनी दंड कापतात, आणि जिकडं पळावं तिकडं सारखंच. ते मला चालीत आणायचं होतं. शिवाय गेमच्या चालीला एक अट असते, ती मी ऐकून ऐकून ओळखली होती: खेळणारा एकाच जागी किती वेळ अडकेल याचा नेम नाही, म्हणून चाल संपून पुन्हा सुरू झाली हे कानाला कळता कामा नये. शेवटचा सूर पहिल्या सुराच्या आधीचा वाटला पाहिजे. उसाच्या चालीत मला ते साधलं. ती कुठं सुरू होते हे कधीकधी मलाच सांगता येत नसे. आबांनी ती बाहेरून येताना ऐकली असणार. एकदा ते दारात चपला हातात घेऊन उभे होते, मी वळले तेव्हा म्हणाले, "चालू दे," आणि नळावर पाय धुवायला गेले.

पुढचं घडलं शिरूरला, एका वरातीत. मी तिथं नव्हते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबलाच्या चटणीशी भाकरी खाताना आबांनी आणि दिलीपकाकांनी ते इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं होते असंच मला वाटतं. आमच्या भागात तेव्हा रीत होती. अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या तर कुणी बाजू द्यायची यावर भांडायचं नाही, दोन्ही पार्ट्यांनी वाजवत राहायचं. ज्याचं वाजणं आधी थांबेल त्यानं गाडी मागं घ्यायची. गाणं संपून दुसरं लावायला जी फट पडते, तीही थांबण्यातच धरायची. समोरची पार्टी तळेगाव ढमढेऱ्याची होती आणि जोरात होती. आबांची सगळी गाणी संपत आली. दुसरं गाणं लावलं असतं तर फट पडली असती. "तवा मला तुझी ती फिरती चाल आठवली," आबा म्हणाले. "धरली बेंजोवर. दिलीप आला मागनं. संपतीच न्हाई ती. वाजवायचं, वाजवायचं, आन् पुन्हा तिथंच. पोरं तर बेभान झाली. त्यांच्या माणसाचा हात भरून आला, आन् बसला खाली."

दिलीपकाका म्हणाले, "नंदे, तू पार्टीत असती तर आपण पुण्यातबी वाजवलं असतं."

आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ती तिची शाबासकी होती. आणि मी? मला आतले कपडे कुणीतरी रस्त्यावरच्या तारेवर वाळत घालावेत तसं वाटलं. ती चाल माझ्या आणि ताईच्या दुपारची होती. पण आबा त्या दिवशी फार खूश होते, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली कुठंतरी मला गुदगुल्याही होत होत्या. माझी चाल शिरूरच्या गल्लीत जिंकून आली होती.

त्या लग्नसराईत ती सगळीकडं गेली. बेंजोवाले एकमेकांचं ऐकून उचलतात, त्यात कुणी कुणाला विचारत नाही. केडगावच्या स्टेशनाबाहेर वाजली, तळेगावच्या बाजाराच्या दिवशी वाजली, ज्या पार्टीला हरवलं त्या पार्टीनंही वाजवली. मग तिला शब्द चिकटले. चालीला शब्द नसले की नाचणारी पोरं आपले घालतात, आणि दारू प्यालेल्या पोरांना जे शब्द सुचतात तेच सुचले. ते मी पहिल्यांदा दौंडच्या एसटी स्टँडवर ऐकले. कॉलेजला जाताना शेजारी एक जीप भरत होती, टपावरची पोरं हातानं पत्रा वाजवत गात होती. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यात एक मुलगी उसात जाते, आणि पुढं तिचं जे काय होतं ते सगळं होतं.

उसात. हे त्यांना कुणी सांगितलं? माझ्या गेमबद्दल ताईवाचून जगात कुणाला माहीत नव्हतं. आज मला कळतं की आमच्या भागात चावट गाण्यातली मुलगी दुसरीकडं जाणार तरी कुठं, सगळीकडं ऊसच तर आहे. पण तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते, आणि मला खात्री वाटली की ते त्या चालीतच होतं. मी काहीतरी घाण रचून बसले होते आणि ते मला सोडून सगळ्यांना ऐकू आलं होतं. मी जीपकडं पाठ करून उभी राहिले. माझे कान इतके तापले की हात लावून बघितले. त्या दिवसापासून मी मशीनला शिवले नाही. ताई म्हणाली, "चल की, उसात अडकलीय बिचारी," तर मी तिच्यावर इतकी खेकसले की ती उठूनच गेली.

आबांच्या कानावर ते शब्द आले नसतील असं नाही. पण वाजवणाऱ्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत, त्याला चाल ऐकू येते. कुणी सुपारी द्यायला आलं आणि "ती तुमची फिरती चाल वाजवा बरं का" म्हणालं की आबा छाती पुढं काढून सांगायचे, "आमच्या पोरीनं बांधलीय." मी आत कप विसळत असायची. त्या वाक्याला मी इतकी भ्यायची की चहा न्यायला ताईला पाठवायची. तिथंच घोळ झाला. लोकांनी ताईला बघितलं.

ताईचं लग्न वडगाव रासाईला ठरलं होतं. मुलगा कंपनीत कामाला होता, सरळ होता, साखरपुड्यात ताईकडं बघून नुसता घाम पुसत होता आणि ताईला तो फार आवडला होता. त्याचे वडील नव्हते, घरचा कारभार चुलते बघायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि माणूस भला होता, ते आधीच सांगून ठेवते. एका रविवारी सकाळी ते न कळवता आले. बाहेरच्या खोलीत आबांनी ढोल बाजूला सरकवून खुर्ची दिली. आईनं पोहे केले. ताई आत चुलीपाशी, मी मधल्या दारात.

आप्पांनी पोहे खाल्ले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आबा, एक विचारायचं व्हतं. राग मानू नका."

"विचारा की."

"ती चाल. आमच्या वस्तीवरची पोरंबी म्हणत्यात. ते शब्द तुमचे न्हाईत, मला ठाऊक हाय. पण आपल्या पोरांनी शिकावं, चांगलं वागावं म्हणून आपण जलम घालवला, आन् हे असलं आपल्याच माणसाच्या पार्टीतनं निघावं, ह्याचं वाईट वाटतं." त्यांनी घसा साफ केला. "गावात म्हणत्यात, चाल तुमच्या पोरीनं बांधली. थोरलीनं. घरातल्या बायका इचारत्यात मला. मी त्यांना काय सांगू?"

यार्डात डबे धडकले, फळीवरची भांडी वाजली आणि गप्प झाली. आबांनी एकदा आतल्या दाराकडं बघितलं. "थोरलीनं न्हाई, धाकटीनं" एवढं म्हटलं असतं तर ताईवरचं बालंट गेलं असतं, आणि माझ्यावर आलं असतं, कायमचं. मला वाटलं, ते तेच म्हणणार. मी तयारही होते, म्हणजे पायाखालची फरशी फाटावी इतकी तयार होते.

"कुठल्याच पोरीनं न्हाई," आबा म्हणाले. "ती चाल मशीनची हाय. भरूनच येती त्यात. बटण दाबलं की वाजती."

"मग लोक म्हणत्यात ते?"

"ते मीच म्हणत व्हतो. जरा बढाई. गिऱ्हाईक खूश व्हतं."

माझे आबा, जे आयुष्यभर ठरवल्यावरच गेले, ते त्या ढोलांमध्ये अंग चोरून बसले होते आणि स्वतःला बढाईखोर म्हणवून घेत होते. आप्पांचा चेहरा मोकळा झाला. त्यांना विश्वास ठेवायचाच होता. ते मशीनकडं बघून म्हणाले, "लावा की मग. शब्दांबिगर ऐकू तरी एकदा."

आबांना मशीन येत नव्हतं. बटण दाबलं तर तो इंग्रजी सूर वाजला असता. ते उठले, मशीनपाशी गेले, कपड्याचं टोक हातात धरून उभे राहिले, आणि त्या कपड्याखाली काय आहे हे पहिल्यांदाच बघत असल्यासारखे तिथंच थांबले. मी पुढं कशी आले ते मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "मी लावते आबा, ते बटण जरा अडकतं," आणि आरशांच्या फळीमागं जाऊन बसले. स्विच लावला. एक बटण मोठ्यानं आवाज होईल असं दाबलं. ठेका सुरू केला. आणि वाजवायला लागले.

माणूस वाजवतो तेव्हा एखादा सूर दाबतो, एखादा हलका सोडतो, कुठंतरी थोडा रेंगाळतो. मी ते सगळं काढून टाकलं. सगळे सूर एकाच वजनाचे, एकाच मापाचे, सोललेल्या शेंगांसारखे वाटीत टपटप. खांदे हलू दिले नाहीत. तोंड खिडकीकडं केलं, बाहेर आमच्या तारेवर आईचं लुगडं वाळत होतं, त्याचे काठ बघत राहिले, जसं काही मी नुसती शेजारी बसलेय आणि हे संपायची वाट बघतेय. ती चाल इतकी बिनचूक मी कधीच वाजवली नव्हती. ती फिरली, पुन्हा फिरली. आणि शेवटी मी ती एका सुराच्या अर्ध्यात तोडली, कारण माणूस तिथं कधीच थांबणार नाही, मशीनच थांबतं.

"मशीनच हाय," आप्पा म्हणाले. "माणसाच्या हातात कुठंतरी हलतं. बरं झालं, शंका मिटली." आणि माझ्याकडं बघून, "चांगलं वाजतं गं तुझं मशीन."

"व्हय," मी म्हणाले.

आबा त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. आतून ताई आली, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिचे डोळे लाल होते. ती काही बोलणार होती, पण मी म्हणाले, "धूर फार झालाय," आणि ती म्हणाली, "व्हय." मला तोवर त्या शब्दांची लाज वाटत होती, त्या पोरांची, माझ्या चालीची. ती सगळी त्या सकाळी कुठं गेली कोण जाणे. त्या जागी दुसरीच बसली. बापाला पोरीची चाल नाकारावी लागली, आणि त्यानं ती अडखळत, जड जिभेनं नाकारली. मी मात्र सफाईनं नाकारली, एक सूर न चुकता. आणि आप्पांची शंका मिटली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे हायसं वाटणं मला आजवर पचलेलं नाही.

त्यानंतर रोज ड्यूटीवर जाताना आबा मशीनवरचा कपडा काढून ठेवायला लागले. वायर लावलेली असायची, पुढं स्टूल ठेवलेलं असायचं. ते गेले की मी कपडा पुन्हा घालायची. परत आल्यावर ते कपड्याकडं बघायचे आणि बेंजो घेऊन बसायचे. एकदाच म्हणाले, "नंदे, नुसतं पडून ऱ्हायलं की बिघडतं ते." मी म्हणाले, "दिलीपकाका वाजवतात की." पुढं कितीतरी दिवस आम्हा बापलेकीचं हे न बोलता चाललं होतं. ते उघडायचे, मी झाकायची.

ताईचं लग्न वडगाव रासाईला झालं. वंदना झाली, हार झाले, लापशी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठल्या. संध्याकाळी नदीच्या बाजूनं गावात वरात निघायची होती. आमचीच पार्टी होती, आबांची लेकीला तेवढीच भेट. स्वतः आबा त्या दिवशी लाल कोटात नव्हते. पांढऱ्या कपड्यांत ते मुलीचे वडील म्हणून गाडीच्या बाजूनं चालत होते आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. मशीनमागं दिलीपकाका होते. मी बायकांच्या घोळक्यात ताईच्या मागं. जनरेटर सुरू झाला, आरशांवर दिवे लागले, आणि वस्तीवरची पोरं आप्पांच्या भोवती गोळा झाली. आप्पा हसत हसत, पोरांना लांब ढकलत आबांकडं आले. आता ते व्याही होते, खुशीत होते.

"आबा, पोरं ऐकंनात. ती मशीनची चाल लावा की. नुसती चाल हां, शब्द म्हणले तर मी हाय इथं."

दिलीपकाकांनी आबांकडं बघितलं. त्यांचे हात पट्टीवर तयारच होते. चाल आता कुणाचीच नव्हती, तिच्यात कुणाची अब्रू नव्हती, ती वाजवायला काहीच हरकत नव्हती. बायकांमधूनही कुणीतरी म्हणालं, लावा की. घोड्यावर नवरदेव घाम पुसत होता.

"ती न्हाई वाजत आता, आप्पा," आबा म्हणाले. "त्या मशीनचं ते बटण गेलं."

"मग दुरुस्त करायचं की."

आबांनी मान वळवली आणि इतक्या गर्दीतून, बायकांच्या डोक्यांवरून, थेट माझ्याकडं बघितलं. आप्पांचा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा माझ्यापुढं ठेवला होता, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

मी खाली बघितलं. ताईच्या शालूचा काठ मातीत लोळत होता, तो मी वाकून हातात धरला.

"न्हाई व्हायचं ते," आबा आप्पांना म्हणाले, आणि त्यांनी दिलीपकाकांना दुसरं काहीतरी लावायची खूण केली.